डेझ्लीचा सात पॉइंट चार

शनिवारी साडेआठला आमचं दुकान उघडतं आणि नऊपर्यंत काउंटरवर बाटल्यांची रांग लागते. जॅमच्या, सॉसच्या, बाळाच्या दुधाच्या. एकानं तर रमच्या बाटलीतून पाणी आणलं होतं आणि तळाशी थोडी रमही होती. मॅकाय गावात ज्याच्या घरी स्विमिंग पूल आहे तो शनिवारी आपल्या पुलाचं पाणी घेऊन माझ्यापुढे उभा राहतो. मी ते तपासते, आकडे छापलेला कागद हातात देते आणि काय टाकायचं, किती टाकायचं ते सांगते. कोपर बुडेल इतक्या खोलातलं पाणी भरा, वरवरचं नको, हे मी बावीस वर्षं सांगतेय. बावीस वर्षं लोक वरवरचंच आणतात. आणि मग पाणी बिघडलं की माझ्यावरच डाफरतात.

शर्टाची बाही कोपरापर्यंत ओली असलेला एकच माणूस यायचा. मर्व्ह टकवेल. वय सत्त्याहत्तर. साखर कारखान्याची उसाची आगगाडी त्यानं अडतीस वर्षं चालवली आणि कान त्या इंजिनात घालवून बसला. त्यामुळे तो बोलतो ते अख्ख्या रांगेला ऐकू जातं. माझं नाव मंदाकिनी, या गावानं पहिल्याच आठवड्यात त्याचं मॅंडी केलं. मर्व्ह मात्र मला ‘पोरी’ म्हणतो. मी चोपन्न वर्षांची आहे हे त्याला तीनदा सांगून झालंय.

त्याची बायको डेझ्ली. परसातल्या पुलात तिनं तीस वर्षं गावातल्या पोरांना पोहायला शिकवलं. मॅकायमध्ये ज्याला धड पोहता येतं त्याला विचारा, निम्मे तिचेच निघतील. मीही तिच्याकडेच शिकले, चौतिसाव्या वर्षी, सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहून. मी कडेचा कठडा सोडायला तयार नव्हते. डेझ्ली कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बाई गं, पाणी काही तुझ्या वाईटावर नाहीये. तूच त्याच्याशी भांडत सुटलीयस.”

पाण्याच्या बाबतीत मात्र ती कुणाचं ऐकायची नाही. पीएच सात पॉइंट चार म्हणजे सात पॉइंट चार. “पोराचे डोळे एकदा झोंबले की ते पुन्हा पाण्यात उतरत नाही, मॅंडी. आणि पोहायला न शिकलेलं पोर एक दिवस कुठल्यातरी ओढ्यात जातं.” दुकानानं मला यंत्र दिलं, पण आकडे वाचायला शिकवलं ते डेझ्लीनं. म्हणून मी बावीस वर्षांत कुणाला चुकीचा आकडा छापून दिलेला नाही. दिला असता तर तिनं माझी हजेरी घेतली असती.

डेझ्लीचा पूल मिठाचा. आता लोकांना वाटतं, मिठाचा पूल म्हणजे काही बघायला नको. डोंबल! पंपाजवळ बसवलेलं यंत्र पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन काढत राहतं आणि तसतसा पीएच आपोआप वर चढत जातो. मग थोडं थोडं ॲसिड टाकून तो खाली आणायचा. तो पुन्हा चढतो, तुम्ही पुन्हा उतरवायचा. पूल असेपर्यंत हे संपत नाही. धोधो पाऊस झाला की उलटं, पाण्यातला सोडा पातळ होतो आणि पीएच घसरतो. म्हणून पावसाच्या दुसऱ्या दिवशी एक डबा सोडा टाकायचा. साधा खायचाच सोडा, पण पोत्यानं. हा डेझ्लीचा तीस वर्षांचा नेम.

तीन वर्षांपूर्वी डेझ्लीचं विसरणं सुरू झालं. आधी पोरांची नावं, मग वार, मग गॅस. शिकवणी बंद झाली आणि पूल मर्व्हच्या गळ्यात पडला. ती रोज दहा वाजता पोहायची तेवढी पोहायची. पाण्यात तिचं काहीच विसरलेलं नव्हतं. हात, पाय, श्वास, सगळं जिथल्या तिथं.

यंदा ईस्टरला त्यांची लेक कॅरिन चार-पाच तासांवरच्या टाउन्सविलहून पोरं घेऊन आली. पोरं पुलात उतरली आणि दहा मिनिटांत लाल डोळे चोळत, रडत बाहेर. डेझ्लीच्या पुलात! ती कठड्यावर बसून नुसती बघत राहिली, म्हणे. त्या संध्याकाळी कॅरिन बापाला बोलली, “बाबा, तुम्हाला पूल सांभाळता येईना. आईला काय सांभाळणार?” तिच्या घराजवळ वृद्धाश्रमात जागा होती. मर्व्हनं हातापाया पडून मुदत मागून घेतली. सप्टेंबरच्या सुट्टीत मी पुन्हा येते, कॅरिन म्हणाली, पाणी नीट असलं तर बघू.

हे सगळं त्यानं मला काउंटरवर सांगितलं. म्हणजे मला आणि रांगेतल्या आणखी नऊ जणांना.

“मग आता काय म्हणतोय आकडा, पोरी?”

“आठ पॉइंट दोन.”

“आईशप्पथ! काल पहाटे तर ओतलं ॲसिड.”

एप्रिल गेला, मे गेला, जून गेला. मर्व्ह रोज पहाटे पाचला उठून ॲसिड ओतायचा आणि शनिवारी ओली बाही घेऊन यायचा. आठ पॉइंट दोन. आठ पॉइंट एक. आठ पॉइंट तीन. कागद हातात धरून तो माझ्याकडे बघत उभा राहायचा. मी त्याला झापलंही. मोजून टाकतोस का? पंप चालू ठेवतोस का? सगळं बरोबर करत होता बिचारा.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. कागदावर पीएचच्या खाली दुसरा एक आकडा असतो, पाण्यात सोडा किती मुरलाय त्याचा. ॲसिड टाकलं की तो आकडा उतरतो. मर्व्हचा चढत चालला होता. एकशे साठ, एकशे नव्वद, दोनशे वीस.

“मर्व्ह, तू सोडा टाकतोस?”

“मी कशाला टाकू? पाऊस कुठाय?”

पाऊस नव्हताच. जुलैपासून टिपूस नाही. ऊसतोडीची धूळ गाड्यांवर बोटभर.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी माझी तपासणीची पेटी घेऊन पहाटेच त्यांच्या घरी गेले. मर्व्हनं माझ्यासमोर ॲसिड मोजलं, पंपाच्या तोंडाशी हळूहळू ओतलं, बरणी शेडमधल्या कपाटात कुलपात ठेवली. मग नळी घेऊन पुलाभोवतीची फरशी धुतली, अगदी कोपरान् कोपरा.

“एवढी कशाला धुतोस?”

“ॲसिडचा थेंब उडालेला असतो कुठं कुठं. ती अनवाणी चालते ना. पाय पोळतील तिचे.” मग तो पाव आणायला गेला. पाव आणायचा, कोंबड्यांना घालायचं, तासभर मोडतो, म्हणाला. मी आवारातल्या खुर्चीवर चहा घेऊन बसले.

साडेसहाला डेझ्ली बाहेर आली. गाउनमध्ये, अनवाणी. तिनं ओल्या फरशीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं आणि स्वतःशीच म्हणाली, “झाला की गं पाऊस.” शेडमधून शिकवणीच्या वेळचा सोड्याचा पत्र्याचा डबा काढला, तेव्हाच्याच उरलेल्या पोत्यातून काठोकाठ भरला आणि पुलाच्या खोल टोकाला चालत चालत पसरत गेली. किती सुरेख पसरत होती! एवढासाही ढीग कुठं पडू दिला नाही. मग मला बघून म्हणाली, “मॅंडी? लवकर आलीस. तुझी तुकडी साडेतीनला.”

माझ्या हातातला चहा गार झाला. तिचे पाय पोळू नयेत म्हणून तो फरशी धूत होता, आणि त्या ओल्या फरशीमुळेच ती रोज सोडा घालत होती. पाच महिने दोघं एकमेकांचं काम रोज पुसून टाकत होते, आणि दोघांतलं चुकीचं कुणीच करत नव्हतं.

मर्व्ह पाव घेऊन आला तेव्हा मी त्याला शेडमागे नेऊन सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा ओरडून. तो बादलीवर बसला.

“तिला सांग ना सरळ,” मी म्हटलं.

“एकदा सांगितलं होतं पोरी, दुसऱ्याच एका चुकीचं. तर म्हणाली, ‘मर्व्ह, मला वेड लागतंय का रे?’ आणि दिवसभर रडली. दुसऱ्या दिवशी काय झालं होतं ते विसरली, पण रडणं तसंच. मी नाही सांगणार.”

त्यानं फरशी धुणं बंद केलं. जुन्या टॉवेलानं पुसून घ्यायला लागला, गुडघ्यावर बसून. उपयोग शून्य. डेझ्ली कोरड्या फरशीवर उभी राहून म्हणायची, रात्री पडला, वाळला वाटतं, आणि डबा भरायची. मग त्यानं शेडलाच कुलूप घातलं. तर ती दारावर थापा मारत राहिली, साडेतीनला पोरं येतील म्हणून. तळहात सुजेपर्यंत. तो कुलूप काढून मोकळा झाला.

तेव्हा ती कल्पना मी दिली. मी, दुसरं कुणी नाही. “मिठाच्या पुलात मीठ टाकलं तर काय बिघडतं? पोत्यातला सोडा काढ, मीठ भर. दिसतं सारखंच. ती खूश, पाणीही खूश.”

मर्व्हनं तो डबा हातात फिरवून बघितला. मग म्हणाला, “फसवायचं तिला? पाण्याच्या बाबतीत?”

“मग टाउन्सविलला पाठव,” मी फटकन बोलले. जिभेला हाड नाही माझ्या.

त्यानं मीठ भरलं.

तीन शनिवारांत पाणी ताळ्यावर आलं. सात पॉइंट आठ, सात पॉइंट सहा आणि मग सात पॉइंट चार. त्या दिवशी तो कागद त्यानं अख्ख्या रांगेला दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाला, “म्हाताऱ्या, आता माझाही पूल बघ.” मर्व्हनं कागद नेऊन फ्रिजवर लावला. डेझ्लीनं तो वाचला आणि म्हणाली, “मग? दुसरा किती असणार?”

सुट्टी लागली, शुक्रवारी कॅरिन आली. पोरं दुपारभर पाण्यात होती, डोळे पांढरे स्वच्छ. मर्व्हनं संध्याकाळी मला फोन केला. काय बोलला ते धड कळलंच नाही, नुसता हसत होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुकान भरलेलं. दार उघडलं आणि पुढे डेझ्ली, हातात तो पत्र्याचा डबा. केस विंचरलेले, लिपस्टिक लावलेली, वर्षभरात मी तिला इतकी ताठ चालताना पाहिलं नव्हतं. मागे कॅरिन, तिच्या मागे मर्व्ह. तिचा तो दिवस फार चांगला होता, हेच वाईट झालं.

तिनं रांग मोडून डबा काउंटरवर ठेवला. “मॅंडी, हात घाल यात.”

मी घातला.

“काय आहे?”

माझ्या तोंडून खोटं निघेना. “मीठ.”

“मीठ! सोडा कसा असतो? पिठासारखा. बोटात धरला की कळतो. हे खरखरीत. मी चाखूनसुद्धा बघितलं. अगं, पोरं उतरतात त्या पाण्यात, आणि तू सोडा म्हणून मीठ देतेस? दुसऱ्या कुणाकडून झालं असतं तर मी समजले असते. तुला मी शिकवलंय.”

कॅरिन हसायला लागली. खरंच आनंदानं हसत होती ती. “बघा बाबा! आईला बरोबर कळतं की. मीच उगाच घाबरत होते.”

मर्व्हनं माझ्याकडे बघितलं. रांगेतले सगळे माझ्याकडे बघत होते. बावीस वर्षांचं माझं नाव त्या काउंटरवर होतं आणि ते जाऊ दे म्हणायला मला क्षणसुद्धा लागला नाही.

“चूक माझीच, डेझ्ली. पोतं देताना अदलाबदल झाली. तुझी माफी मागते.”

ती लगेच विरघळली. माझ्या हातावर हात ठेवला. “होतं गं असं. आता खरा सोडा दे. जरा जास्तच दे, मला रोज लागतो. हा पाऊस काही थांबायचं नाव घेत नाही. आज पहाटेसुद्धा पडला. हो ना मर्व्ह?”

अडीच महिन्यांत ढगही दिसला नव्हता. दाराबाहेरच्या प्रत्येक गाडीवर धूळ होती. कॅरिनच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं, फक्त आता ते हसू नव्हतं.

एरवी तोफ उडाली तरी ज्याला ऐकू येत नाही त्या मर्व्हला हे ऐकू आलं. “हो, पडला की,” तो म्हणाला. “मी जागाच होतो. चांगला पडला.”

“रोज टाकतेस, आई?” कॅरिननं अगदी हळू विचारलं.

“रोज. नाहीतर पाणी मरतं. तुझे बाबा कुठं लक्ष देतात?”

मी सोड्याचं पोतं आणलं. दुसरं काय करणार होते? डेझ्लीनं ते फोडून बोटात धरून बघितलं, मान डोलावली आणि मगच कॅरिनला उचलू दिलं.

घरी गेल्यावर कॅरिननं बापाकडून सगळं काढून घेतलं. ती आरडाओरडा करणाऱ्यातली नाही. एवढंच विचारलं, “आज तिनं मीठ आणि सोडा ओळखला. ज्या दिवशी सोडा आणि ॲसिड ओळखायची नाही, त्या दिवशी काय कराल बाबा?” कॅरिनला चार शिव्या घालाव्यात असं मला फार वाटतं, पण पोरगी काही खोटं बोलली नव्हती.

दोन आठवड्यांनी डेझ्लीला टाउन्सविलला नेलं. तिथं पूल आहे म्हणून सांगितलं होतं. आहेही. पण तिथल्या म्हाताऱ्यांना त्यात उतरू देत नाहीत.

मला वाटलं होतं, आता मर्व्ह यायचा नाही. पुढच्या शनिवारी तो आला, रांगेत उभा राहिला, त्याची पाळी आली. बाही कोपरापर्यंत ओली. मी पाणी यंत्रात घातलं.

“सात पॉइंट चार,” मी म्हटलं. सोड्याचाही आकडा जागेवर होता. आता मध्ये येणारं कुणी नव्हतं.

“छाप. टाउन्सविलला पाठवायचाय.” तो नेहमीसारखा मोठ्यानं बोलत होता. “ती रोज विचारते, आकडा काय? दुसरं काही विचारत नाही. माझंही नाही. मी फोनवर सांगितला तर म्हणाली, कागद कुठाय? कागद आला की उशाशी लावीन, म्हणते, मगच झोपेन.”

तेव्हापासून दर शनिवारी एक कागद. अख्ख्या पुलात एक माणूस उतरत नाही, आणि मर्व्ह रोज पहाटे पाचला ॲसिड मोजतोय. फरशीही धुतो. कशाला, हे मी विचारलं नाही.

काल तो आला तेव्हा कागद घेऊनही जाईना. काउंटरला धरून उभा राहिला.

“कॅरिन म्हणते घर विकू या. बरोबर आहे तिचं, एकटा माणूस मी, तिकडे जाऊन डेझ्लीजवळ राहीन. पण घर गेल्यावर पाणी कुठनं आणू गं, पोरी?”

अख्ख्या रांगेनं ऐकलं. मी यंत्र पुसायला घेतलं. शेवटी त्याच्या मागच्या माणसानं आपली जॅमची बाटली पुढे सरकवली. “मर्व्ह, माझं घे ना. दर शनिवारी घे. मी डेझ्लीकडेच शिकलोय पोहायला.”

मर्व्हनं बाटली उचलली, उजेडाकडे धरली, मग त्या माणसाच्या कोरड्या बाहीकडे बघितलं आणि बाटली हळूच परत ठेवली.

“तुझं नको रे,” तो म्हणाला. “तुझं वरवरचं असतं. तिला कळेल.”